चिमणीला दोन बोटं, साळुंकीला तीन

आमचे हे म्हणजे पारोळ्याचे पितांबर सुतार. गाडीची चाकं, वखर, पाळणे, काय म्हणाल ते करून देतील. आणि घरात? देश स्वतंत्र झाला त्या साली मी इथे नांदायला आले, तेव्हापासून अंगणातल्या न्हाणीला दार नाही. नुसतं गोणपाट बांधलंय. विचारलं की, "करू, करू." कधी? नातवंडांची लग्नं झाल्यावर?

पण एक फळी उरली रे उरली, की पाखरांची पेटी तयार! चिमणीची वळचणीला, तिला दोन बोटांचं भोक. साळुंकीची मोठी, तिला तीन बोटांचं. दयाळाला म्हणे कोंडल्यासारखं होतं, म्हणून त्याची पेटी पुढून अर्धी उघडी. निंबाला पोकळ ओंडका टांगला, तर त्यात पिंगळा राहायला आला. दिवे लागले की त्याचा कलकलाट सुरू! शेजारची सुंदरबाई अपशकुन म्हणून रोज बोटं मोडते, तेही माझ्याच नावानं. हे मात्र खाटेवर बसून कौतुकानं ऐकतात.

परवा तर कहरच झाला. मी अंघोळीला बसले आणि गावातले उखर्डूभाऊ मोडकं चाक दुरुस्तीला घेऊन थेट अंगणात आले. नेमका वारा सुटला, गोणपाट उडालं. भाऊंनी बिचाऱ्यांनी तोंड फिरवलं, आल्या पावली परत गेले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लुगडं कसंबसं गुंडाळून बाहेर येते, तर हे चिमणीच्या पेटीवर पट्टी ठोकत बसलेले!

"हाई काय चाली ऱ्हायनं?" मी ओरडले.

मान वर न करता म्हणाले, "भोक मोठं पडनं. साळुंकी मुंडकं घालस. मंग चिमणी बसत नही, बिचारी."

"आन् मनं काय?" माझं काय, एवढंच तोंडातून निघालं आणि मला रडूच फुटलं.

यांचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं. उठले, घराचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट काढलं, तासून बारीक केलं आणि नेऊन न्हाणीला ठोकलं!

आता घर सताड उघडं. कुत्री येतात, कोंबड्या येतात. "अहो, घराचं काय?" म्हटलं तर म्हणतात, "घरमा चोराले काय शे?" चोराला न्यायला आहेच काय म्हणे! काय बोलावं या माणसाला! डोकं फिरतं माझं. पण सकाळी न्हाणीत जाते, आतून कडी लावते आणि पाणी पार निवेपर्यंत बसून राहते. कोणी हाक मारली तरी ओ देत नाही.