गाडीची खांदशेकणी

"मले शिकवू नोको."

मामांचं कुठलंही बोलणं इथूनच सुरू व्हायचं. दुकानाची पायरी चढायचे, गाडीची किल्ली काउंटरवर आपटायचे आणि मी तोंड उघडायच्या आत हे वाक्य. त्या जागी काउंटरच्या काचेला चरे पडले होते. मी काच बदलली, तर दुसऱ्याच आठवड्यात नव्या काचेवर पहिला चरा उमटला.

उमरखेडला माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मामा फुलसावंगीकडच्या एका खेड्यातले. कापूस, सोयाबीन, तूर. घरचं बरं चाललेलं. माझे ते नात्याने कोणी नव्हते, पण अख्खा बाजार त्यांना मामा म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी राग येतो. तो गिळून लिहिणं मला जमणार नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की जी जगभर तोंड चालवतात आणि जिथे एक शब्द बोलायला हवा नेमके तिथेच मुकी होतात.

मामांनी घेतलेली गाडी विलायती होती. चारही चाकांना जोर असलेली, आत कातडी सीटा, दारांना लाकडी पट्ट्या. कधीकाळी हैदराबादच्या कुण्या शेठची ती शान असेल. फिरत फिरत ती पांढरकवड्याला हायवेवरच्या एका दलालाच्या आवारात येऊन पडली, तेव्हा तिचा रंग उडाला होता आणि एका दिव्यात पाणी साचलं होतं. मामांनी मला पारख करायला नेलं होतं. मी खालून, वरून, आतून पाहिली आणि म्हणालो, "मामा, हत्ती घेनं सोपं रायते, पोसनं कठीन. याचं सामान भेटत नाई. घेऊ नोका."

तेवढ्यात दलालाने आतलं एक बटण दाबलं. गाडीने फुस्स करून श्वास सोडला आणि चारी बाजूंनी हळूहळू खाली बसली. या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकावर हवा भरलेला जाड रबरी फुगा होता. हवा भरली की गाडी उंच, सोडली की बसकी. मामांनी दलालाला पुन्हा एकदा बसवायला लावली. मग धोतर सावरून तिथेच मातीत उकिडवे बसले आणि जमिनीपासून दारापर्यंतची उंची वितीने मोजली.

"घेतली," म्हणाले.

"अहो पन मामा..."

"मले शिकवू नोको."

परतताना चहाला थांबलो तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, तेही कपाकडे बघत. मामी गोठ्यात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई टाकली, पण पाय वर उचलेना. एकदा दवाखान्यातून परतताना काळीपिवळी जीपमध्ये चढवायला दोघातिघांनी त्यांना धरून वर ओढलं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पोतं हाय का बाई हाय?" जीपभर माणसं हसली. मामी घरी आल्या त्या आल्या, पुन्हा फाटकाबाहेर पडल्या नाहीत. बहिणीकडे नाही, बाजाराला नाही, कोणाच्या लग्नालाही नाही.

"कोनाले सांगशील तं याद राख," मामा म्हणाले. "गावात मी सांगनार हाय का नाल्यासाठी घेतली. पुरात उंच गाडी पायजे, बस."

आणि खरंच तेच सांगितलं. गावाजवळच्या नाल्यावरचा पूल दर निवडणुकीत होतो आणि दर पावसात नसतो, त्यामुळे सगळ्यांना पटलं. बायकोला नीट बसता यावं म्हणून गाडी घेतली, हे म्हणायची या माणसाला लाज वाटत होती. चारचौघांत बायकोवर खेकसायची मात्र कधी वाटली नाही. याचाच मला संताप यायचा, अजून येतो.

मामी पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा मी तिथे होतो. मामांनी गाडी ओट्यासमोर अंगणात उभी केली, बटण दाबलं. गाडी बसली. मामींनी दार धरलं, टेकल्या, पाय आत घेतले. कोणी हात लावला नाही. मामा त्या वेळी पलीकडच्या चाकाला उगाच लाथा मारत होते आणि जमलेल्या लोकांवर ओरडत होते, "काय पाहून राह्यले बे? तमाशा हाय का?" त्या दिवशी मामी उमरखेडला आल्या, बांगड्यांच्या दुकानात तासभर बसल्या आणि एकही रंग पसंत न पडल्याचं भांडण करून खुशीत परतल्या.

मग सुरू झाला गाडीचा सासुरवास. सकाळी उठून बघावं तर तिचा एक कोपरा खाली बसलेला. साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे कुठे येतात ते बघायचं, भोक शोधायचं. हवा भरणारा कॉम्प्रेसर दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. नागपूरच्या एका मोठ्या गॅरेजात टाय लावलेल्या एका साहेबाने गाडीला हात न लावताच सांगितलं, इतक्या जुन्या गाडीचं काम आम्ही घेत नाही. मामांनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. सामान मी पुण्याहून, दिल्लीहून, मोडीत निघालेल्या गाड्यांतून काढून मागवायचो. प्रत्येक मेकॅनिक एकच सल्ला द्यायचा: फुगे काढा, लोखंडी स्प्रिंगा टाका, जन्माची कटकट मिटेल. वैतागून एकदा मीही तेच म्हणालो.

मामांनी किल्ली आपटली. "लोखंड वाकते का?"

मी पुन्हा फुगेच मागवले.

एका वर्षी आषाढात मी पुढचे दोन्ही फुगे नवेकोरे बसवून दिले होते. पोळा झाला आणि चारच दिवसांत निरोप आला, गाडी नाकावर पडली. मी तणतणत गावी गेलो, गाडीखाली शिरलो आणि बघतो तर दोन्ही फुगे पिवळेधमक. हळद! वर तुपाचा वास, आणि त्यात उंदरांनी कुरतडून पाडलेली भोकं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून सोललेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यावर पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मामांकडे ट्रॅक्टर आल्यापासून बैल नव्हते. म्हणून ही खांदशेकणी गाडीची झाली होती.

माझं डोकं फिरलं. गाडीखालून निघून, तोंडाला चिखल तसाच, मी अर्ध्या गावासमोर ओरडलो, "मामा, तुमाले किती डाव सांगतलं, रबराले तेल-तूप लावू नोका म्हनून! उंदराइले जेवाले बोलावलं का तुमी?"

मामा मान खाली घालून उभे. "मले शिकवू नोको"सुद्धा नाही. तेवढ्यात ओट्यावरून मामींचा आवाज आला.

"त्याइले कायले बोलून राह्यला? म्या लावलं."

"तू चूप बस," मामा उसळले. "म्याच लावलं."

"खोटं काहून बोलता? गाडी बसवून देल्ली तुमी, हात माहा पुरला. म्या लावलं."

दोघांची तिथेच जुंपली. तूप कोणी लावलं यावरून दोन म्हातारी माणसं एकमेकांवर हात नाचवत होती आणि मी मध्ये चिखलाचं तोंड घेऊन उभा. शेवटी मामी माझ्याकडे वळल्या.

"बैल होते तं बैलाचे खांदे मळत होतो. आता मले हे वाहून नेते. मंग याचे खांदे कोन मळन?"

निघताना मामा फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तिले मना करू नोको. फुगे दुसरे आन."

मी भडकलोच, पण फुगे आणले. पुढच्या वर्षीपासून मामांनी आपली एक रीत काढली. संध्याकाळी मामींना तूप-हळद लावू द्यायची आणि पोळ्याच्या सकाळी, त्या आंघोळीला गेल्या की, सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने गाडीखाली आडवं होऊन साबणाच्या पाण्याने सगळं पुसून काढायचं. मामींना ते ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. त्यांची पोळ्याची आंघोळ फार लांबायची.

गेल्या माघात मामा गेले. तुरीच्या खळ्यावर टेकले ते उठलेच नाहीत. मी बातमी ऐकली आणि आधी काउंटरच्या काचेकडे बघितलं. मग दुकान बंद केलं.

मामांचा मुलगा पुण्याहून आला. चांगला मुलगा आहे, नावं ठेवायला जागा नाही. तेरवी आटोपेपर्यंत तो राहिला. गाडी तेव्हा पोटावर बसली होती, कारण रोज तिच्याशी भांडणारा माणूस नव्हता. मी त्याच वेळी नागपूरला माल भरायला गेलो होतो. परत आल्यावर गावी गेलो तर गाडी अंगणात ताठ उभी. मुलाने तिला गॅरेजात नेऊन चारही चाकांना लोखंडी स्प्रिंगा बसवून आणल्या होत्या. फुगे आणि कॉम्प्रेसर भंगारवाल्याने नेले होते.

मी त्याच्या ओट्यावर उभा राहून त्याच्यावर ओरडलो. कोणाला विचारून केलं? एक फोन करता येत नव्हता?

तो बिचारा गोंधळला. "पण काका, बाबाच म्हणायचे ना, नाल्यासाठी घेतली म्हणून. उंच पाहिजे म्हणायचे. आता कायमची उंच झाली. मी काही विकत नाही आहे गाडी. आईसाठीच ठेवली. ड्रायव्हरही बघून ठेवला."

त्याने आईसाठीच केलं होतं. खरं काय ते मी सांगितलं तेव्हा तो उठून घरात स्टूल शोधायला गेला. आणि माझा सगळा राग फिरून मामांवर गेला. जन्मभर गावाला, बाजाराला, नागपूरच्या साहेबाला सुनावत आलात. पोटच्या पोराला एवढं एक वाक्य सांगायचं होतं हो मामा, तुझ्या आईसाठी ही गाडी वाकते म्हणून. त्यात कसली आली मर्दुमकी?

"मामी, तुमी तरी सांगाचं होतं," मी म्हणालो.

"त्याइनं सांगतलं नाई, म्या कसं सांगू?" मामी म्हणाल्या. "त्याइले लाज वाटे."

मुलाने दाराशी स्टूल ठेवून पाहिलं. मामींचा पाय पोचेना. शेजारची दोघं मदतीला पुढे झाली तशी मामींनी दार सोडलं आणि म्हणाल्या, राहू दे. त्या दिवसापासून त्या फाटकाबाहेर पडलेल्या नाहीत. मी भंगारवाल्याकडे जाऊन आलो, माल पुढे गेला होता. दिल्ली, पुणे, सगळीकडे सांगून ठेवलंय. त्या गाडीचा कॉम्प्रेसर आता मिळत नाही म्हणतात. मी शोधतो आहे.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात मन लागेना. संध्याकाळी गावी गेलो. गाडी अंगणात तशीच ताठ उभी होती. पुढच्या चाकाशी पाटावर मामी पाय पसरून बसलेल्या, मांडीशी तूप-हळदीची वाटी. हात उंच करकरून त्या चाकाच्या वरच्या पोकळीत पळसाचं पान घालत होत्या. मला बघून दचकल्या आणि हात मागे घेतला.

"चिडू नोको बाप्पा," म्हणाल्या. "हाताले लोखंड लागून राह्यलं नुसतं."

मी खाली बसलो. वाटी उचलून त्यांच्या हाताला पुरेल अशी धरली.

"लावा मामी," मी म्हणालो. "आता काई होत नाई त्याले."

त्यांनी पान पुन्हा तुपात बुडवलं, पुरेल तिथवर हात नेला आणि गाडीला म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."