कुंभार्ली घाट, माझी सायकल आणि आईचा खण

सायकलवाल्या मंडळींनो, सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

कधीपासून कोकणचा लूप आखतेय. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड, कोल्हापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरी, मग समुद्राकाठाने गुहागर आणि परत चिपळूण. उज्जैनमध्ये चढ कुठला आणू? रोज फ्रीगंजच्या पुलावर वर-खाली करते. ऑटोवाले विचारतात, "दीदी, कुछ गिर गया क्या?"

आज पोह्यांच्या प्लेटी सरकवून टेबलावर नकाशा पसरला. आईने गुहागरवर बोट ठेवलं.

"अगं, इथेच तर आपली कुलदेवी! आणि हा घाट तू सायकलने चढणार?"

"हळूहळू चढते की."

आईने बाबांकडे पाहिलं. "लग्नानंतर एकदाच नेलंत. नंतर कधीही म्हटलं की आपलं एकच, घाट फार खराब आहे, तुला झेपणार नाही."

"अगं, तेव्हाची बात वेगळी होती," म्हणत बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

तेव्हापासून मी सारखी नकाशा उघडतेय, मिटतेय. आत्ता खोलीत आले तर सायकलच्या बॅगेवर ओटीचा खण ठेवलेला. आई म्हणाली, "माझ्या वतीने तूच भर."

खण मी परत तिच्या कपाटात ठेवलाय. देवीची ओटी आईच भरणार, गुहागरला येऊन. मी सायकलवर, ती मागून गाडीत.

गाडी बाबा चालवणार. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही असतात तर कसं सांगितलं असतंत?