संक्रांतीच्या आत येणारे टोमॅटो

मी मुळातच भित्रा. लहानपणी मिठागराच्या बांधावरून भाऊ पुढे पळायचे आणि मी मागे बसकण मारून रडायचो. पण खरी भीती काय असते ते गेल्या वर्षी कळलं, बायकोच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा. मग केमो झाली. ती संपल्यावर डॉक्टर म्हणाले, आता ठरल्या वेळी तपासणीला या, बाकी नेहमीसारखं जगा. हे नेहमीसारखं कसं जगायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तिच्या तोंडाची चवच गेली होती. जिताडा माशाच्या कालवणालाही ती नको म्हणायची, मग भातभाकरीचं काय घेऊन बसलात. फक्त टोमॅटोचं सार तेवढं घोट घोट प्यायची. झालं, माझी भीती टोमॅटोवर जाऊन बसली. कामोठ्याच्या बाजारातले ते चकचकीत, दगडासारखे टोमॅटो बघितले की वाटायचं, यांच्यावर काय काय मारलं असेल? घरी आणून मी ते मिठाच्या पाण्यात बुडवायचो, मग हळदीच्या पाण्यात, मग सालं सोलायचो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची.

"आवो, टोमॅटो हाय तो, नवरदेव नाय. किती हलद लावाल?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. शेवटी ठरवलं, आपणच लावायचे. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत खाटेएवढी माती आहे, तीही खारी. चुलतभावाच्या गोठ्यातून शेणखत आणून मी ती सुधारली, आणि दसरा झाल्यावर पनवेलला बियाण्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, औषध न मारता लावायचेत, आणि भरपूर सत्त्व असलेले हवेत, आजारी माणसासाठी.

दुकानदारानं आधी गुलाबी रंगाचं बी दाखवलं. बुरशी लागू नये म्हणून त्याला औषध चोळलेलं असतं. मी हात मागे घेतला. मग त्यानं औषध न लावलेली दोन बियाणी काढली. एक देशी. फळ आतपर्यंत गडद लाल, आंबट, पातळ सालीचं. जेवढा रंग गडद तेवढं सत्त्व जास्त, असं त्याचं म्हणणं. हे रोगाला सहजी बळी पडत नाही, काठ्यांना बांधलं की वेलासारखं उंच जातं आणि महिनोन्‌महिने देत राहतं. दुसरं झुडपी. जाड सालीचं, आत फिकट, चवीला बेताचं.

"तुम्हाला देशीच पाहिजे," तो म्हणाला. "फक्त धीर धरा. महाशिवरात्र उजाडेल."

"आणि हे दुसरं?"

"ते काय, संक्रांतीच्या आत."

तिची पुढची तपासणी संक्रांतीनंतर होती. मी झुडपी घेतलं.

तपासणीच्या पलीकडचं काही विकत घ्यायची माझी छाती झाली नाही, एवढंच. घरी येऊन ठोकून दिलं की यातच सत्त्व जास्त असतं. मग रोपं वर आली आणि माझ्या जिवाला नवा घोर लागला. एखादं पान आकसलं की मी ते दहादा उलटून बघायचो. मी आंबट ताक फवारायचो, निंबोळीचं पाणी शिंपडायचो, आणि एक रोप मेलं त्या दिवशी ते तिला दिसू नये म्हणून गुपचूप उपटून टाकलं. रोपाचा आणि तिचा काय संबंध? काही नाही. तरी मला जेवण गेलं नाही.

रोपं गुडघ्याएवढी झाली न झाली तोच फुलांवर आली. मी खूश झालो. ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिच्या माहेरी भात कापला की त्याच शेतात वाल आणि टोमॅटो लावायचे, तेव्हा तिला कोण फसवणार?

"ही बुटकी जात हाय," ती म्हणाली. "आमी बाजार धरायला लावायचो. एकदम लागतात नि एकदम संपतात. तुमी तर सत्त्वाचं आनायला गेलता ना? मग लवकर येनारं का आनलं? कसली घाई हाय तुमाला?"

हातातला तांब्या तसाच धरून मी उभा राहिलो, आणि डोळे भरून आले ते लपवताही आले नाहीत. तिला कळलं होतं.

"भीती मना पन हाय," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त हाय. पन म्हनून मी फिकट टोमॅटो खायाचा?"

दुसऱ्या दिवशी ती एकटी रिक्षा करून पनवेलला गेली. ऑपरेशननंतर दवाखाना सोडून ती पहिल्यांदाच कुठे निघाली होती. येईपर्यंत मी फाटकाशी येरझारा घालत होतो. तिनं देशी बी आणलं आणि फुटक्या टपात पेरलं. मी म्हटलं, आता पेरलंस म्हणजे गुढीपाडवा येईल. "येऊ दे," ती म्हणाली.

झुडपी टोमॅटो वेळेवर लाल झाले. तिनं त्यांचं सार केलं, प्याली, आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, "पांचट हाय." परवा तिनं देशी रोपं टपातून काढून मातीत लावली आणि मला काठ्या आणायला पाठवलं. मी कमरेएवढ्या आणल्या. तिनं त्यातली एक अंगाशी धरून बघितली आणि परत दिली.

"ह्या पुरनार नाय. माज्या डोक्यावर जातील ते. उंच आना."

मी पळस्प्याला जाऊन बांबू घेतले. ते रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होते आणि रिक्षावाला सगळ्या वाटेत शिव्या घालत होता. आज दुपारी आम्ही ते रोवले. ती धरत होती, मी ठोकत होतो. वीतभर रोपांशेजारी आता तिच्याहून उंच काठ्या उभ्या आहेत.

उद्या सकाळी तपासणीला निघायचंय. माझी भीती तसूभरही कमी झालेली नाही. दिवेलागणीला मी मागच्या दारी गेलो आणि एकेक काठी हलवून बघितली. पक्क्या बसल्या आहेत.