पाव्हणा जेवत नाही

सांगलीकडच्या आमच्या घराण्यात मी वाढपी म्हणून प्रसिद्ध. लग्न असो, बारसं असो, जिलेबीचं ताट माझ्याच हातात द्यायचे. कुणी पानावर आडवा हात धरला की मला चेवच यायचा. "एक, फक्त एक, माझ्यासाठी," म्हणत मी दोन वाढायचो. पंगत उठली की लोक पोटावरून हात फिरवत म्हणायचे, या पोरानं आज मारलं बघा, आणि माझी छाती फुगायची.

असला माणूस हॉलंडातल्या आल्मेरेत काय करणार? मुलगा शिकायला नायमेखनला गेला, त्याची खोली रिकामी झाली. बायको सकाळी ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅमला जाते आणि गेली तीन वर्षं तिचं ते सोळा तास उपाशी राहायचं खूळ चालू आहे. मी घरून काम करतो, दुपारी एकटाच जेवतो. घरात वाढायला माणूसच उरला नव्हता.

शेजारच्या बाईंशी मात्र आमचा घरोबा. सत्तरीच्या, ताठ, वाऱ्यापावसात सायकल हाणणाऱ्या. त्यांच्याकडे पहिल्यांदा कॉफीला गेलो तेव्हा त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. मी रीतीप्रमाणे "नको नको" म्हटलं. त्यांनी डबा बंद करून कपाटात ठेवला. मी त्या कपाटाकडे बघतच राहिलो. अहो, नको म्हणजे काय खरंच नको असतं का! पण बाई मनानं फार चांगल्या. लोकांनी टाकून दिलेले साप, सरडे, कासवं सांभाळणाऱ्या एका केंद्रात त्या आठवड्यातले तीन दिवस विनामोबदला राबतात.

दोन वर्षांपूर्वी पानगळीच्या दिवसांत त्या आमच्या दारात आल्या. केंद्रात जागा उरली नव्हती. एक साप थोडे दिवस सांभाळाल का, तुमची खोली रिकामी आहे आणि तुम्ही दिवसभर घरी असता. आफ्रिकेतल्या अजगराची ठेंगणी जात, विषारी नाही, चावरा नाही. कुणीतरी घर सोडताना त्याला काचेच्या पेटीसकट मागे ठेवून गेलं होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "फार वाळलाय हो. खायला घालून जरा अंगावर आणायचाय."

झालं! तिथंच मी विरघळलो. बायकोला फोन केला.

"साप? आपल्या घरात?"

"वाळलाय गं बिचारा."

"म्हणजे तू ऐकणार नाहीस. ठीक आहे. पण त्याचे उंदीर फ्रीजरमध्ये माझ्या मटाराशेजारी दिसले, तर तू आणि तो दोघंही शेडमध्ये."

तेव्हा सायकलींच्या शेडमध्ये एक जुना छोटा फ्रीजर लावला आणि त्यात गोठवलेले उंदीर आले. मुलाच्या खोलीत पेटी आली. पेटीतला पाव्हणा साडेतीन फुटांचा, चॉकलेटी अंगावर सोनेरी डाग, दिसायला देखणा. पण पाठीचा कणा वर आलेला आणि दोन्ही बाजूंनी कातडी सैल लोंबणारी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून वजन केलं, सहाशे चाळीस ग्रॅम. त्याच्या वयाला याच्या दुप्पट हवं होतं.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. पेटीची एक बाजू उबदार ठेवायची. काचेवर कापड टाकायचं. दहा दिवस त्याला हात लावायचा नाही. मग संध्याकाळी एक लहानसा उंदीर कोमट करून पेटीतल्या त्याच्या लपायच्या गुहेच्या तोंडाशी ठेवायचा आणि निघून यायचं. नाही खाल्ला तर सकाळी उचलायचा आणि पुढचा आठवडाभर विचारायचंसुद्धा नाही. "आणि साडेपाचशेच्या खाली गेला तर लगेच सांगा," त्या म्हणाल्या. "मग डॉक्टरांना नळीनं भरवावं लागेल. इतक्या अशक्त जनावराला ते झेपेलच असं नाही. मरतातही."

दहा दिवस! उपाशी जीव घरात आणि त्याला दहा दिवस जेवायचं विचारायचं नाही? आमच्याकडे पाहुण्यानं चप्पल काढायच्या आत त्याचं ताट मांडलेलं असतं. मी कसाबसा तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी उंदीर कोमट पाण्यात ठेवला, पुसला, लांब चिमट्यात धरला आणि पेटीत घातला. "घ्या पाव्हणं."

पाव्हण्यानं मान फिरवली.

मग काय, माझ्यातला वाढपी जागा झाला. रोज संध्याकाळी नवा उंदीर. कधी नाकासमोर नाचवून बघ, कधी शेपटीकडून. कधी गुहा उचलून थेट त्याच्या पुढ्यात ठेव. "घे रे राजा, एवढा एकच, बघ किती छोटा आहे." बायको जिन्यातून ओरडायची, "कुणाशी बोलतोयस?" रोज सकाळी काटा काढून वजन. सहाशे बारा. पाचशे नव्वद. मग माझ्या डोक्यात आलं की हा वासावर चालणारा प्राणी, माझ्या हाताला हिंगाचा आणि लसणाचा वास येत असणार. गावाकडे तर साप येऊ नये म्हणून हिंग टाकतात! लगेच घरातली फोडणी बंद. पाच दिवस आम्ही दोघांनी बिनफोडणीचं वरण गिळलं. सहाव्या दिवशी वजन पाचशे एकाहत्तर.

आता मात्र मला भीती वाटायला लागली. कामाच्या मीटिंगमध्ये लक्ष लागेना. माझ्या घरात, माझ्या हातानं वाढलेलं समोर असताना एक जीव उपाशी मरणार, हे मला सहनच होईना.

त्या संध्याकाळी त्यानं अंगाचा गोळा केला आणि डोकं त्याच्या पार आत खुपसलं. मी चिमट्यानं उंदीर वेटोळ्यांच्या फटीतून आत सारत होतो. बायको नुकतीच कामावरून आली होती, कोट अंगातच होता. दारात उभी राहून ती बघत होती.

"बाबांचं असंच केलं होतंस तू," ती म्हणाली.

"कुणाच्या बाबांचं?"

"माझ्या. सांगलीच्या घराच्या वास्तुशांतीला. त्यांनी पानावर दोन्ही हात ठेवले होते, आठवतंय? तू बोटांच्या मधून जिलेब्या सरकवल्यास. मधुमेह होता त्यांना. पण जावयाचं मन कसं मोडायचं, म्हणून खाल्ल्या. घरी जाऊन दोन दिवस अंथरुणाला खिळले होते."

"वीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"तुला किती आनंद झाला होता, ते बघितलं होतं ना मी."

खरं सांगतो, आधी मला तिचाच राग आला. सापाचं काय चाललंय आणि ही जुनी मढी उकरत बसलीय! तरातरा खाली गेलो, भांडी आपटत घासली. मग घासता घासता सासऱ्यांचे ते दोन हात दिसायला लागले. बारीक बोटांचे, पानावर आडवे धरलेले. ते नको म्हणत होते. अगदी स्पष्ट म्हणत होते, आणि मी हसत होतो. शरम वाटली मला.

दुसऱ्या दिवशी शेजारी गेलो आणि बाईंना सगळं कबूल केलं. चिमटा, काटा, गुहा उचलणं, सगळं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला भूक नाही असं नाही. तो घाबरलाय. रोज कुणीतरी येऊन त्याचं छप्पर उचलतं." मग वजन विचारलं. पाचशे बासष्ट. त्यांनी ओठ आवळले. "आणखी एक आठवडा देऊ. मग डॉक्टर."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कापड टाकलं, दार लावलं. त्या दाराशी जाऊन नुसता उभा राहायचो, हात शिवशिवायचे. मग सायकल काढून पाण्याकाठच्या बांधावर जायचो आणि समोरच्या वाऱ्याला शिव्या घालत परत यायचो. घरातल्या सगळ्या खिडक्या धुतल्या. मुलाला दिवसातून तीनदा फोन केले, तर तो डचमध्ये म्हणाला, बाबा, तुला कामधंदा नाही का?

सातव्या दिवशी तिन्हीसांजेला सगळ्यात लहान उंदीर कोमट केला. बशीत घालून गुहेच्या तोंडाशी ठेवला. एक शब्द बोललो नाही. कापड सोडलं, दार ओढलं आणि खाली आलो. बायकोनं टीव्ही लावला. काय लागलं होतं देव जाणे.

सकाळी गेलो तर बशी रिकामी. मी बशीच्या खाली बघितलं, पेटीत पसरलेला झाडाच्या सालींचा भुगा उकरून बघितला. उंदीर नाही. गुहेत बॅटरीचा उजेड टाकला तर पाव्हण्याच्या पोटाला छानसा फुगवटा! आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला वाईट वाटलं. महिनाभर मी जिवाचं रान केलं आणि हा पठ्ठ्या माझ्या पाठीमागे जेवला. मग एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच धावत शेडमध्ये गेलो आणि दुसरा उंदीर काढून आणला.

बायको ट्रेनसाठी निघत होती. तिनं माझ्या हातातल्या त्या दगडासारख्या गोठलेल्या उंदराकडे बघितलं. "अति तिथं माती," एवढंच म्हणाली आणि गेली. मी उंदीर परत नेऊन ठेवला.

बाईंना सांगितलं तर त्यांनी चक्क टाळी वाजवली. एकदा सुरुवात केली की हे सहसा थांबत नाहीत, म्हणाल्या. आता घाई नको, आठवडा जाऊ द्या, मग चिमट्यानं दिलात तरी चालेल.

आठवडा गेला. संध्याकाळी कापड बाजूला केलं आणि मी जागच्या जागी थांबलो. पाव्हणा अर्धा गुहेबाहेर आला होता. मान उचललेली, जीभ लपलपत होती, तोंड थेट माझ्याकडे. मी चिमट्यात उंदीर धरला आणि दूरच ठेवला. हात हलू दिला नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग त्यानं अशी झडप घातली की चिमटा माझ्या हातातून सुटला आणि मी धपकन मुलाच्या पलंगावर बसलो. तो आपला उंदराला वेटोळं घालून निवांत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आजवर हजारभर पानं तरी वाढली असतील मी. पण कुणी माझ्याकडे मागून घेतल्याचं मला आठवेना, कारण कुणी मागेपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.