ठोकमास्तरांचे सात रिवेट

ठोकमास्तरांची अख्खी नोकरी पुलांवर हातोडी मारण्यात गेली. रिवेटवर ठोका द्यायचा आणि ऐकायचं. घट्ट रिवेट खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो. एकोणीस वर्षांपूर्वी नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाचे ओळीने सात रिवेट बद्द वाजले. मास्तरांनी तसं लिहून दिलं आणि साहेबांनी दुसऱ्याच दिवशी पूल बंद केला.

पूल काही पडला नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला. पडला असता तर मास्तर शहाणे ठरले असते. पण तो मख्खासारखा उभा राहिला आणि पलीकडचं मेहुण्याचं चहाचं दुकान मात्र गिऱ्हाइकांवाचून बसलं. मेहुण्याने बोलणं टाकलं. बायको भावाच्या बाजूची. ती बोलायची, पण "तेव्हा तुमचे कान कुठे गेले होते?" एवढंच. कान तेव्हा जागेवरच होते. ते नंतर गेले, हातोडीपायी.

आता तिथे निसर्ग उद्यान झालंय. गाड्या बंदच, पण पुलावर पक्षी बघणाऱ्यांना मोकळीक आहे. एका सकाळी मास्तर बायकोला घेऊन गेले. फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी तपासली, प्लास्टिकची बाटली काढून घेतली आणि हातोडी नीट परत आत ठेवली.

तिसऱ्या खांबापाशी मास्तरांनी ती हातोडी बायकोच्या हातात दिली.

"मला ऐकू येत नाही. तू सांग. पण खरं सांग."

"मी कधी खोटं बोललेय?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पक्षी बघणारे त्यांच्याकडे बघू लागले.

तिने ठोका दिला. "खणखणीत." दुसरा. "हाही." मग मास्तरांनी ती ओळ दाखवली. पहिल्या ठोक्याला ती थबकली. सातही रिवेट तिने दोन-दोनदा ठोकले.

"बद्द," ती म्हणाली. "फुटक्या मडक्यासारखे."

मास्तर मटकन खाली बसले. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तीही शेजारी टेकली.

"दादा रोज दुधाची किटली घेऊन इथूनच जायचा. ट्रकांच्या मधून."

"दोनदा जायचा. सकाळ-संध्याकाळ."

"लावते फोन. माफी मागू दे त्याला तुमची."

"राहू दे. चारचौघांत शिव्या घालतो ना मला?"

"घालतो की. परवाच घातल्या."

"घालू दे," मास्तर म्हणाले. "शिव्या घालायला उरलाय तो."