हिराकाकूचा ठोकळा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला भंगारवाला येतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते टपरीवर चहाबरोबर फुकट वाटावे लागतात!

रोडपालीला माझं गॅरेज आहे, वडिलांनी काढलेलं. आमच्याकडे जुन्या पिकअप जास्त येतात आणि जुन्या पिकअपची खरी कुंडली मागच्या चाकात असते. बाहेर ब्रेकचा ड्रम, आत एक्सलचं बेरिंग. गिऱ्हाईक सांगतं एक आणि ड्रम उघडला की निघतं भलतंच. इतकी वर्षं झाली, तरी मला धक्का बसायचा राहत नाही. आमचे मेकॅनिक सलीमचाचा वडिलांच्या वेळेपासूनचे. ते मात्र ढिम्म! स्टुलावर बसल्या बसल्या म्हणतात, "पयले ड्रम खोल, मग बोल."

* * *

करंजाड्याचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "ब्रेक झकास आहेत हो, फक्त जळका वास येतो."

ड्रम काढला. आत ब्रेक शूवर लायनर असतं, ते ड्रमला घासलं की गाडी थांबते. इथे लायनरच्या जागी रबरी चप्पल कापून ठोकलेली! अंगठ्याच्या पट्ट्याचं भोकसुद्धा दिसत होतं.

"अहो, चपलेनं कधी गाडी थांबते का?" मी ओरडलोच.

"का? लहानपणी सायकल कशानं थांबवायचात?"

चाचांनी हळूच माझ्या पायांकडे पाहिलं. मीही चपलाच घातल्या होत्या.

* * *

कामोठ्यात क्लासेस घेणारे एक सर आहेत. वडिलांची जुनी पिकअप त्यांच्याकडे आली, ती मंडपाचं सामान न्यायला भाड्यानं देतात. एकदा सर स्वतःच गाडी घेऊन आले, घामाघूम. "अचानक ब्रेकच लागेनात!"

ड्रम उघडला तर लायनर तेलात न्हालेलं. आम्हाला वाटलं, ऑइल अडवणारं सील गेलं असणार, एक्सलचं ऑइल आत आलं. पण सील तर कोरडं ठणठणीत!

"सर, आत काही केलंत का?"

"करकर आवाज यायचा, म्हणून फटीतून थोडं तेल सोडलं. दार कुरकुरलं की नाही का आपण घालत?"

"आणि मग इथपर्यंत आलात कसे?"

"हॉर्न वाजवत."

मी डोक्याला हात लावला. "सर, तुम्ही क्लासमध्ये शिकवता तरी काय?"

"फिजिक्स," सर म्हणाले. "सध्या घर्षण चालू आहे."

* * *

आता खुद्द चाचांचा किस्सा. काम झालं की चाचा ड्रमवर एक थाप मारतात आणि म्हणतात, "अब भूल जाव!" म्हणजे या चाकाचा विचारसुद्धा करू नका. त्यावर कुणी शंका काढलेली त्यांना खपत नाही.

एका बिल्डरनं काढली. "चाचा, हँडब्रेक परत ढिला नाही ना पडणार?"

चाचांनी बिल्डरकडून चावी घेतली, पिकअप गॅरेजसमोरच्या चढावर नेली, तीही वाळूनं भरलेली! मध्यावर थांबवली, गियर काढला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. मग गाडीच्या मागे, उताराच्या बाजूला, गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि मला खूण केली. "चहा आण."

मी चहा आणला, कप त्यांच्या हातात दिला आणि बाजूला पळालो! चाचा तिथेच उभं राहून सावकाश फुंकर मारत अख्खा चहा प्यायले. बिल्डर रस्त्यावरच हात जोडून उभा होता.

तेव्हापासून ही चाचांची रीतच झाली. हँडब्रेकचं काम झालं की गाडी चढावर, चाचा मागे आणि चहा मी आणायचा. मला ते बघवत नाही, म्हणून मी टपरीकडे तोंड करून उभा राहतो.

* * *

आणि मग आमच्याकडे आले दामूतात्या. उरणकडचे कोळी. रोज पहाटे बंदरावरून मासळीचे क्रेट भरायचे आणि पनवेलच्या मार्केटात पोचवायचे. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं मागच्या एक्सलवर गळलेलं. मागे क्रेटवर त्यांची बायको हिराकाकू बसलेली, मांडीवर बाभळीचा एक भलामोठा लाकडी ठोकळा.

"ब्रेक कसे आहेत तात्या?"

"हायत की. मस्त हायत."

डावा ड्रम उघडला. लायनर संपून नुसतं लोखंड उरलेलं. उजवा उघडला आणि मी मागेच सरकलो. आत ब्रेक शूच नाही! गंजाचा चिखल आणि माशाचे खवले. दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलच्या नळ्या कुणीतरी हातोडीनं ठोकून बंद केलेल्या. म्हणजे गाडी चालत होती ती फक्त पुढच्या ब्रेकवर, आणि मागच्या चाकांना धरणारा हँडब्रेक शोभेला!

"तात्या, हे कधीपासून?"

"पोरीच्या लग्नाआधीपासून आसल."

"आणि पोरीचं लग्न कधी झालं?"

"तिची पोरगी आता पाचवीला हाय."

"मग चढावर गाडी थांबते कशी?"

तात्यांनी अभिमानानं मागे बोट केलं. "ही हाय ना!"

काकूंनी लगेच करून दाखवलं. पदर खोचला, ठोकळा बगलेत मारला, धप्पकन उडी आणि ठोकळा चाकामागे! "गाडी हलत आसतानाच उडी मारायची," त्या मला समजावून सांगायला लागल्या. "थांबल्यावर मारली तं उशीर व्हतो."

त्या दिवशी सलीमचाचा स्टुलावरून उठून उभे राहिले.

* * *

धक्के तिथेच संपले नाहीत. एक्सल बाहेर काढायला आम्हाला पुलर, म्हणजे खेचून काढायचं अवजार लागतं, दोघांना घाम फुटतो. मी नुसता हात लावला आणि अख्खा एक्सल सरकन बाहेर आला! बेरिंगचा चुरा झालेला. त्याला धरून ठेवणारी रिंगही सुटलेली.

"एक-दोन दिवसांत चाक एक्सलसकट निघून गेलं असतं!" मी म्हणालो.

"तरी मी सांगत व्हते," काकू म्हणाल्या. "पयले त्ये गुनगुनायचं. मंग जात्यावानी दळाया लागलं. आन् मागल्या आठवड्यापासून रडतंय."

"तू बोलतेस त्याच्यात चाक कुठं आयकू येतंय?" तात्या म्हणाले.

चाचा काकूंकडे बघतच राहिले. "भाभी, चाळीस वर्षं बेरिंग बदलतोय. असं बराबर कुनी सांगितलं नाय." मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, दुसरी एक पिकअप आली होती, तिच्या मागे काकूंना बसवलं आणि एक चक्कर मारून आणली.

"उजवं," काकू उतरता उतरता म्हणाल्या. "आजून रडत नाय, पन दळतंय."

उघडलं. उजवंच!

* * *

चार दिवसांनी तात्यांची गाडी तयार झाली. नवी बेरिंग, नवे सील, नवे शू, नव्या नळ्या. चढावरची परीक्षा झाली, चहा झाला. चाचांनी ड्रमवर थाप मारली. "अब भूल जाव!"

तात्या खूश. काकूंना म्हणाले, "सुटलीस! उद्यापासून घरी आराम कर."

काकू ठोकळा घेऊन खाली उतरल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "घरी काय हाय रं? पोरं कामावर, सून टीव्हीम्होरं. मी रोज पनवेल बगते. मार्केटात चार बाया माज्यासाठी च्या घेऊन थांबतात." आणि बगलेतला ठोकळा माझ्या हातात दिला. "ठेव तुज्याकडं. आता काय उपेग?"

मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा चांगले ब्रेक बसवल्याचं वाईट वाटलं! ठोकळा मी चाचांच्या स्टुलाशेजारी ठेवला.

* * *

आठवडाभरानं तात्यांची गाडी परत दारात! मी हबकलोच. चाचांचं काम परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हँडब्रेक धरत नाय," तात्या तणतणत म्हणाले. "काल मार्केटच्या चढावर गाडी घसरली. नशीब, मी आतच बसलो व्हतो! म्हून आज हिला परत मागं बसवून आनली."

काकू मागे क्रेटवर बसलेल्या, नजर थेट समोर.

चाचा गाडीखाली शिरले. मीही वाकून पाहिलं. ड्रम ठीक, शू ठीक, केबल नवी कोरी. फक्त केबल ताणणारा नट पार शेवटच्या आट्यापर्यंत ढिला केलेला. खाऱ्या पाण्यानं असं होत नाही. पान्यानं होतं.

चाचा बाहेर आले. त्यांनी काकूंच्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. नखांत काळं ग्रीस होतं. काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"खारं पानी लय वायीट," त्या समोर बघतच म्हणाल्या.

चाचा परत खाली शिरले. नट पुरता आवळला, वर दुसरा नट चढवून पक्का केला. हँडब्रेक ओढून पाहिला. गाडी दगडासारखी उभी! आता ते चढावर जाणार म्हणून मी चहा सांगायला वळलो.

"चहा नको," चाचा म्हणाले.

ते तात्यांपुढे जाऊन उभे राहिले. माझ्यादेखत त्यांनी या गॅरेजमध्ये जे कधीच म्हटलं नव्हतं, ते म्हणाले.

"तात्या, पुरानी गाडी हाय. माज्या कामाचा भरवसा नाय. भाभीला रोज मागं बसव."

मी स्टुलाशेजारचा ठोकळा उचलायला गेलो, तर काकू कधीच उतरून तो घेऊन परत वर चढल्या होत्या.