एका काठाचं पातळ

कुसुमकाकी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सोलकढीसाठी नारळ खोवत होते. 'आवय गेली गो,' एवढंच तिचा मुलगा म्हणाला. मला रडू यायला हवं होतं, आणि ऐकू आलं ते तिचं खिदळणं... काय करणार! नव्वदीला टेकलेली ही बाई, पण तिचं नाव निघालं की अजूनही मला जत्रेला निघाल्यासारखं वाटतं. आज महिना झाला, तरी तसंच वाटतंय.

जत्रेवरूनच आठवलं. साल नेमकं सांगता येणार नाही, पण पन्नासचं दशक सरत आलं होतं. काकीचा नवरा, बाबलकाका, आगबोटीवर खलाशी. दीड वर्षाने पंधरा दिवसांच्या रजेवर मालवणात आले, ते कलकत्त्याहून काकीसाठी पातळ घेऊन. त्यांच्या बोटीवरच्या एका बंगाली सोबत्याचं गाव शांतिपूर, घरातच हातमाग. काकांनी ते विणताना पाहिलं आणि मागावरून उतरल्याबरोबर घेतलं. काकीने घडी उलगडली तर खळीने अशी करकर वाजली, की आम्ही पोरी टाळ्या पिटायला लागलो. पांढरंशुभ्र सूत, अंगात बारीक बुट्ट्या, आणि दोन्ही कडांना बोटबोट रुंद लालभडक काठ! परवाच्या जत्रेत हेच नेसणार, हे काकीने दुपारच्या आत अख्ख्या वाडीला सांगूनही टाकलं.

पण घरात आक्का होती. काकांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी नवरा समुद्रात बुडाला, तेव्हापासून बिनकाठाचं पांढरं लुगडं नेसून माहेरीच राहिलेली. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिने पातळ पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

'बाबल्या, ह्या काय हाडलंस रे? बायलेक पांढरा? तू जितो आसस ना अजून!'

काका हसायला लागले, तशी ती आणखी भडकली. 'हसतंस काय? दर्यार पोट तुजा. माजा ह्या नशीब तिच्या अंगार नको. ह्या नेसून ती माज्या दारातसून भायर जावची नाय.' तो राग नव्हता, भीती होती, हे मला फार उशिरा कळलं. काकीचं तोंड मात्र एवढंसं झालं.

मग काकांनी आक्काला शेजारी बसवलं. 'आक्का, थंय सवाशिणीच ह्या नेसतत. लाल काठाचा पांढरा. लग्नाकार्याक, देवाक. माज्या सोबत्याच्या बायलेन नेसलेला मी सोता बघलंय.'

आक्काने हळूच विचारलं, 'आणि थंयच्यो माज्यासारख्यो?'

'त्यांचा पण पांढराच. फकत काठ नसता.'

आक्काने आधी ते पातळ पाहिलं, मग स्वतःच्या मांडीवरचं लुगडं. 'म्हणजे...' ती म्हणाली, 'माजो नुसतो काठच गेलो.'

ती उठली आणि आत जाताजाता म्हणाली, 'नेस गो. बरा दिसतला तुका.'

काकी जिंकली होती! आता तिने नाचायचं की नाही? पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर काकी कात्री घेऊन बसलेली, आणि त्या कोऱ्या करकरीत पातळाचा वरचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत कापतेय. 'काकी, जत्रा उद्या आसा गो!' म्हटलं, तर म्हणाली, 'मगे? खालचो आसा मा!' काठ कापून झाला तसं तिने आक्काचं धुतलेलं लुगडं ओढलं आणि त्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, तो काठ शिवायला घेतला. पातळ पाचवारी आणि लुगडं नऊवारी, त्यामुळे तो अर्ध्यातच संपला. काकीला त्याचं काही नव्हतं. पुढच्या घोळापुरता आला, बस झालं म्हणाली.

'तुका येड लागला काय गो?' आक्का दारात उभी.

'आक्कानू, आतसून लावलंय. कोणाक दिसाचो नाय.'

जत्रेत काकी एका काठाचं पातळ नेसून अशी मिरवली, की विचारू नका. 'दुसरो काठ खंय गेलो?' बायका विचारत. 'उंदरान खाल्लो!' आणि खिदळणं. कोणत्या उंदराने, ते तिने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

तेराव्याला तिच्या मुलाने ते पातळ माझ्या हातात ठेवलं. सुताला आता फुलाचा मऊपणा आलाय. कापलेल्या कडेला काकीची वेडीवाकडी हातशिलाई तशीच आहे. तिच्यावरून बोट फिरवताना जत्रेनंतरची ती सकाळ आठवली. आक्काचं लुगडं नेहमी मागीलदारी वाळायचं, माडांच्या आड. त्या दिवशी तिने ते पुढच्या खळ्यात, अंगणात आणलं, रस्त्याच्या अगदी समोर, आणि दोरीवर उलटं टाकलं. वाऱ्यावर लाल काठ फडफडायला लागला. काकी ओट्यावरून घाबरून ओरडली, 'आक्कानू, काठ दिसता मा!'

आक्काने दोरीवरची घडी आणखी ताणून सरळ केली.

'दिसांदे,' म्हणाली.